सांभाळा हिला जरा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण मावशीने मला ती रडत रडत सांगितली आहे, आणि माझी मावशी उगाच रडणाऱ्यांतली नाही.

आधीच सांगून ठेवतो, यात मध्यरात्र नाही, वादळ नाही, ओसाड बंगलाही नाही. लख्ख ऊन होतं. दुपारचे चार वाजले असतील. जागा म्हणाल तर शहराबाहेरचं जंगल, जिथे मावशी कामाला जायची.

मावशी फॉरेस्ट थेरपी गाईड होती. थकलेल्या, धास्तावलेल्या माणसांना ती झाडांमध्ये न्यायची, हळूहळू चालवायची, गप्प बसवायची, पानं हुंगायला लावायची. काका चिडवायचे, "लोकांना गप्प बसायला गाईड लागतो. मला लग्नानंतर आपोआप जमलं." मावशीही हसायची. कामाच्या बाबतीत मात्र भारी कडक.

तिच्या फेरीत एक खेळ असायचा. जोड्या करायच्या. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने त्याचा हात धरून त्याला न्यायचं. बोलायचं नाही. मावशीने घंटी वाजवली की डोळे उघडायचे.

नियम एकच. डोळे मिटलेल्या माणसाचा हात सोडायचा नाही. सोडायची वेळ आलीच, तर तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, "सांभाळा" म्हणायचं, आणि मगच हलायचं.

मावशीने त्या दिवशी हा नियम मोडला नाही.

पाळला. तिथेच घात झाला.

त्या दिवशी तिने आपल्या मुलीलाही बरोबर नेलं होतं. आमची बबडी. बापापेक्षा उंच झाली तरी घरात नाव तेच. काही महिन्यांपूर्वी तिची गाडी रस्त्यावरून घसरून खड्ड्यात उलटली होती. रात्रभर ती आत अडकून पडली. फुटलेल्या खिडकीतून हात बाहेर काढून हाका मारत राहिली. कुणी आलं नाही. उजाडल्यावर माणसं आली.

हाडं जुळली. पण तेव्हापासून बबडीला डोळे मिटता येईनात. मिटले की पुन्हा ती गाडी, पुन्हा तो अंधार. दिवा लावून भिंतीला टेकून बसायची. बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि किंचाळून उठायची. नोकरी सुटली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. पोर नुसती वाळत चालली होती. मावशी जगाला बरं करत फिरायची आणि घरी पोटच्या पोरीपुढे हात टेकून बसायची.

म्हणून त्या दिवशी बबडी स्वतःहून "आई, मी येते" म्हणाली, तेव्हा मावशीला आकाश ठेंगणं झालं.

बाकी माणसं चारच. एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, एक नर्स आणि एक बँकवाला. त्यांच्या दोन जोड्या झाल्या. बबडीचा डावा हात मावशीने धरला.

"मिटू?" बबडीने विचारलं.

"मी आहे ना."

बबडीने डोळे मिटले. आधी थरथरली. मग एक पाऊल टाकलं... मग दुसरं. मावशी सांगते, तेव्हा तिलाच श्वास घ्यायचं सुचत नव्हतं.

तेवढ्यात मागून धप्पकन आवाज आला.

"अगं आई गं!" मास्तर झाडाच्या मुळात पाय अडकून आडवे झाले होते.

मावशीने मान वळवून तिकडे पाहिलं. जायला हवंच होतं. शेजारी कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. मघाशी नर्स तिथेच होती. मास्तरांवरची नजर न काढता मावशीने बबडीचा हात बाजूला पुढे केला...

हाताला हात लागला.

माणसाचाच हात. जरा खरखरीत, जरा गार. त्याने बबडीचा हात नीट आपल्या हातात घेतला.

"सांभाळा हिला जरा," मावशी म्हणाली आणि धावली.

मास्तर जमिनीवर बसले होते. "काही नाही झालं हो ताई, इज्जत तेवढी मोडली," म्हणत होते. बायको त्यांच्या पाठीवरची माती झटकत होती. बँकवाला नियमाला धरून डोळे मिटून खांबासारखा उभा होता.

आणि मास्तरांचा घोटा दोन्ही हातांनी चाचपत, खाली वाकून बसली होती...

नर्स.

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही... इकडे कधी आलात?"

"हे पडले तेव्हा मी यांच्या मागेच होते ना," नर्स म्हणाली. "का हो?"

चौघंही तिथेच होते.

मग बबडी कुणाजवळ होती?

मावशीने वळून पाहिलं. मघाची जागा रिकामी होती.

पक्षी ओरडत नव्हते. किडे किरकिरत नव्हते. वर पानं हलत होती, पण त्यांचाही आवाज येत नव्हता. ज्या जंगलात मावशी लोकांना कान देऊन ऐकायला शिकवायची, तिथे ऐकायला काहीच उरलं नव्हतं.

मग दूर झाडांमध्ये बबडीचा पिवळा कुर्ता दिसला.

ती चालत होती. डोळे मिटलेले. डावा हात पुढे, बोटं कशावर तरी वळलेली. फांदी आली की वाकत होती. मूळ आलं की पाय उचलत होती. एकदाही अडखळली नाही.

पुढे कुणीच नव्हतं.

मावशी पळत सुटली. हाक मात्र मारली नाही. डोळे मिटून चालणाऱ्याला हाक मारली तर तो दचकतो, तोल जातो, हे तिनेच शेकडो जणांना बजावलं होतं. आणि त्या बाजूला दगडाची जुनी खाण होती. कठडा नसलेली... सरळ खाली.

बबडी खाणीच्या काठावर पोचली आणि थांबली.

मावशीही जागच्या जागी थांबली. आता पोरगी पाऊल उचलणार का मागे फिरणार? बबडीचा चेहरा तिला बाजूने दिसत होता.

ती हसत होती. अपघातानंतर पहिल्यांदा.

मावशीने घंटी काढली. अगदी हळूच वाजवली.

बबडीने डोळे उघडले. खाली पाहिलं, दोन पावलं मागे आली आणि म्हणाली, "अगं, किती सुंदर नेलंस! मला जराही भीती वाटली नाही. मध्ये हात किती घट्ट धरलास!"

मावशीने तिला खांद्याला धरून काठापासून लांब आणलं.

त्या रात्री बबडी दिवा मालवून झोपली. सकाळी उशिरापर्यंत झोपली. काकांचे डोळे भरून आले. "तुझ्या जंगलाने पोरगी परत दिली गं," ते म्हणाले.

मावशीने बबडीच्या खोलीत डोकावलं. बबडी गाढ झोपली होती. डावा हात पलंगाबाहेर... आणि बोटं कशावर तरी वळलेली.

मावशीने हळूच तो हात आपल्या हातात घ्यायला पाहिलं. तिची बोटं बबडीच्या तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत. मध्ये काहीतरी होतं. जरा खरखरीत... जरा गार.

दिवस गेले. बबडी जेवू लागली, भांडू लागली, पुन्हा नोकरीला लागली. डावा हात मात्र कायम अंगापासून जरा दूर. चालताना कधीकधी मध्येच वळायची. "इकडे कुठे?" विचारलं तर म्हणायची, "सहज." आणि ते सहज वळणं दर वेळी जंगलाच्या दिशेनेच असायचं.

मावशीचा जीव टांगणीला लागला. मी दिलंय, मीच परत मागायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं. एका दुपारी ती एकटीच त्या जागी गेली. हात पुढे केला.

"माझी मुलगी आहे," ती म्हणाली. "द्या परत."

काहीच झालं नाही. पान हललं नाही. स्वतःला वेड्यात काढत ती घरी आली.

घरातले सगळे दिवे लागले होते. भर दुपारी. बबडी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. डोळे तारवटलेले. डावा हात रिकामा, सताड उघडा.

"आई," ती म्हणाली, "तू माझा हात का सोडलास?"

मावशीने तिला कुशीत घेतलं. हात घट्ट धरला. रात्रभर धरला. बबडी रात्रभर किंचाळत होती. "हा नाही... हा हात नाही..." दुसरी रात्र तशीच गेली. त्यानंतरच्या किती गेल्या ते मावशीला सांगवत नाही. पोर पुन्हा वाळली. एकदा तर स्वयंपाकघरातली सुरी तिच्या उशीखाली सापडली.

मग एका सकाळी मावशीने तिला गाडीत घातलं आणि जंगलात नेलं.

"मिट डोळे," ती म्हणाली. बबडीने मिटले. मावशीने तिचा डावा हात धरला, बाजूला रिकाम्या जागेत पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. या वेळी सगळं समजून.

"सांभाळा हिला," ती म्हणाली. "फक्त खाणीकडे नेऊ नका."

हाताला हात लागला.

मावशीने काम सोडलं आहे. बबडी खुशीत आहे. काकांना त्या हाताचं काही माहीत नाही. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बबडी माझ्या समोर बसली होती. ऑफिसातल्या गमती सांगत, मला चिडवत, हसत होती. उजव्या हाताने जेवत होती. डावा हात टेबलाखाली होता.

मध्येच ती थांबली. मान जरा कलती करून कुणाचं तरी ऐकल्यासारखं केलं, आणि पुन्हा हसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "आता निघू या म्हणतायत. मी म्हटलं, जेवण तर होऊ दे."

काका तोंडात घास घेऊन हसले. त्यांना वाटलं, चेष्टा.

मावशीच्या हातातला वाढायचा चमचा थांबला होता. ती माझ्याकडे बघत होती, टेबलाखाली बघू नकोस असं डोळ्यांनी विनवत.

मी बघितलं नाही. पण माझ्या पायाला काहीतरी घासून गेलं...

"अजून थोडा भात घे," मावशी बबडीला म्हणाली. "घे गं. सावकाश जेव. अगदी सावकाश."