काटा शून्यावर यायचा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही. हे माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलं, १९७२ च्या उन्हाळ्यात, यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. रात्रीबित्री नाही, भर दुपारी.

आमचं जळगावात किराणा दुकान. वडील, सुरेशचंद, मात्र रेडिओ दुरुस्तीत रमले. आजोबांच्या मते वायाच गेले. पण त्याच हुन्नरावर त्यांना एक सरकारी काम मिळालं.

अणुवीज केंद्रासाठी तिकडची जागा बघणं चालू होतं. तिथल्या हवेत, दगडात मुळात किती किरणोत्सर्ग आहे, याची नोंद हवी होती. आधी माणूस काटा वाचून आकडे लिहायचा. आता मशीन स्वतःच कागदावर रेघ ओढणार होतं. आठवडाभर सलग रेघ तुटली नाही, की माणसाची गरज संपली. वडील घरी जायला मोकळे.

जळगावात आईचे, लाडकुंवरचे, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. वडिलांना काहीही करून त्याआधी पोहोचायचं होतं.

माळावर पत्र्याची एक खोली. आसपास घर नाही. दुपारी मोगराबाई पाड्यावरून भाकरी आणून द्यायची, तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

बाकी सोबत मशीनची. टक… टक… टक…

किरणोत्सर्गाचा एक कण पकडला की एक टक, म्हणून हा आवाज कधीच थांबत नाही. थोडा किरणोत्सर्ग सगळीकडे असतो. मातीत, भिंतीत, माणसाच्या अंगातसुद्धा.

एका दुपारी वडील जेवायला बसले आणि…

टकटक थांबली.

काटा शून्यावर.

त्यांनी बॅटरी तपासली, तारा तपासल्या. सगळं ठीक. तपासणीसाठी दिलेलं छोटं यंत्र हातात घेतलं. तेही गप्प. ते घेऊन दाराबाहेर गेले… टक. ताटापाशी परत आले… काहीच नाही.

समोर कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं आवाज आपोआप सुरू झाला. पण रेघ तुटली होती. आठवडा पुन्हा पहिल्यापासून.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. दर वेळी जेवताना.

"माझ्याआधी इथे कोण होतं?" त्यांनी मोगराबाईला विचारलं.

"झिपरू ऱ्हाये, भाऊ. काटा वाचाले. एकटाच." तिनं भाकरी खाली ठेवली. "आठेच मरना. कोन्हालेच कयनं नही."

जाता जाता दारातून म्हणाली, "तुम्हीन गयात का तो परत एकटा पडी."

वडील म्हणतात, भीती नंतर वाटली. माणूस इथेच मेला आणि कुणाला कळलंही नाही, म्हणून आधी दयाच आली. एकट्यानं जेवणं काय असतं, ते त्यांना चांगलंच कळलं होतं.

पुढच्या वेळी मशीन गप्प झालं, तेव्हा ते समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून बोलले.

"झिपरूभाऊ, माले जाऊ दे. घर बायको वाट देखी ऱ्हायनी."

आणि सवयीनं पुढचंही बोलून गेले. आम्हा दुकानदारांच्या घरात निरोप घेताना ते तोंडात येतंच.

"तू बी ये कधी जळगावले. आपलंच घर शे."

टक… टक…

त्यानंतर रेघ तुटली नाही. मशीन पास झालं. खोलीला कुलूप लागलं.

एस.टी.त वडिलांनी ते छोटं यंत्र मांडीवर घेतलं. सहज चालू करून बघितलं…

यावल गेलं. तापीचा पूल गेला.

एकदाही टक नाही.

घरी पोहोचले, तर आतून माझ्या रडण्याचा आवाज येत होता. नुकताच जन्मलो होतो. वडील उंबऱ्याबाहेरच थबकले.

"अरे, दारात काय उभा? आत ये ना!" आजोबा ओरडले.

ते आत आले. दुसरं काय करणार?

हे त्यांनी मला मागच्या दिवाळीत सांगितलं. मी बरीच वर्षं एकटाच राहतो. त्यांनी विचारलं, "एकटं नाही वाटत रे तुला?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग सगळं सांगितलं.

खोलीत आणखी कुणीतरी आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. जेवताना तर हमखास.

सगळ्यांनाच तसं वाटतं, असं मी समजत होतो.