एकही थेंब न सांडलेली चोरी

"माझं ग्राफिक्स कार्ड चोरीला गेलं," कॉम्प्युटरवाली म्हणाली, "आणि चोराने त्या जागी दुसरं बसवलंय."

"चांगलं?" भिंगबाईंनी विचारलं.

"जुनं. माझंच. कपाटातलं."

भिंगबाई खासगी तपासनीस होत्या. त्यांच्याकडे भिंग नव्हतं. नाव चष्म्याच्या काचांमुळे पडलं होतं. शेजारी त्यांचे सहकारी दंतवैद्य बसले होते. त्यांच्या दवाखान्यात सहसा कोणी फिरकत नसे, त्यामुळे गुन्ह्यांसाठी त्यांना भरपूर वेळ मिळे.

"म्हणजे चोराने तुमचीच वस्तू तुम्हाला दिली," दंतवैद्य म्हणाले. "गंभीर आहे."

"डॉक्टर, चपला घाला," भिंगबाई म्हणाल्या.

कॉम्प्युटरवालीची कार्यशाळा घराच्या वरच्या मजल्यावर होती. मधोमध टेबलावर काचेच्या पेटीतलं मशीन. आत तिने स्वतः वाकवलेल्या तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून फिरणारं निळं पाणी, आणि खालच्या कोपऱ्यात पितळी पट्टीवर कोरलेलं तिचं नाव. पाणी फिरून फिरून, पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या कार्डाची उष्णता उचलायचं आणि तांब्याच्या रेडिएटरमध्ये नेऊन टाकायचं. आवाज जवळजवळ शून्य. दंतवैद्यांनी नकळत नमस्कार केला.

"आज चार वाजता कार्टून फिल्म बनवणाऱ्या स्टुडिओच्या संचालिका येणार आहेत," ती म्हणाली. "हे पसंत पडलं तर अशा बारा मशीनची ऑर्डर. नाही पडलं, तर मी पुन्हा लोकांच्या प्रिंटरमधून अडकलेले कागद ओढायला मोकळी."

भिंतीवर भलामोठा तक्ता होता. वर दोन कार्डं, खाली चौदा रकाने: वेग, उष्णता, लांबी, आवाज. शेवटचा रकाना होता, 'काचेतून बघताना छाती किती फुगते'.

"तीन आठवडे घालवले मी ह्या निवडीत," ती म्हणाली. "जुन्या कार्डावर मी स्वतः तांब्याचा ब्लॉक बसवलाय. ब्लॉक म्हणजे कार्डाच्या अंगावरची धातूची पाटी, तिच्यातून पाणी जातं. नवं कार्ड कारखान्यातूनच ब्लॉकसकट आलं. आरशासारखं चकचकीत, आणि पंधरा टक्के वेगवान. नवं जिंकलं."

"आणि ते मशीनमध्ये किती दिवस होतं?"

"अठरा दिवस, चाचणीसाठी. सगळं झकास. पाणी तेवढं जरा करडं पडलं. पण ह्या वेळी रंग दुसरा घेतला होता."

"कार्ड बदलायचं तर काय करावं लागतं?"

"पाणी उपसायचं, नळ्या सोडायच्या, कार्ड बदलायचं, पाणी भरायचं, मग पेटी इकडून तिकडे कलवत हवा काढायची. मला चार तास लागतात. एक थेंब नको तिथे पडला की खेळ खलास."

"चोराचा थेंब पडला?"

तिने मान हलवली. "थेंब नाही, बुडबुडा नाही. माझ्यापेक्षा नीट केलंय मेल्याने."

हे तिला चोरीपेक्षा जास्त लागलं होतं.

भिंगबाईंनी नाक काचेला टेकवलं. एका जोडाच्या आट्यांतून पांढरं, दोऱ्याइतकं बारीक काहीतरी डोकावत होतं. त्यांनी ते चिमट्याने ओढून पाकिटात ठेवलं.

"दात साफ करायचा दोरा!" दंतवैद्य ओरडले. "मी अंधारातही ओळखेन."

"तुम्ही ह्या जोडांना काय लावता?" भिंगबाईंनी तिला विचारलं.

"काहीच नाही. आत रबरी रिंग असते. हाताने आवळायचं, बस्स."

काल दहा ते सहा ती स्टुडिओत मोजमापं घेत होती. खोलीच्या किल्ल्या तिघांकडे: ती, तिचे बाबा आणि भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. शिवाय दुपारी कार्डवाला, ज्याच्याकडून नवं कार्ड घेतलं तो, केबल द्यायला येऊन गेला होता. भिंगबाईंनी सगळ्यांना बोलावलं.

आधी भावजी आले. वय बेचाळीस, रोज तीन तास गेम खेळत.

"ते कार्ड मी हिच्याकडे तीनदा मागितलं होतं," ते म्हणाले. "चोरायचं असतं तर मागून सावध कशाला केलं असतं?"

"पाण्याचं मशीन कधी उघडलंय?"

"घरचा कूलर उघडला होता एकदा. खालच्या मजल्यावरचे लोक छत्र्या घेऊन वर आले."

मग कार्डवाला. त्याचा टाय त्याच्या आधी खोलीत शिरला.

"एक नंबर माल, मॅडम. अस्सल तांब्याचा ब्लॉक, वरून निकेलचा मुलामा. आणि हलकं किती! ह्या जुन्याला बघा, वजनाने झुकतं म्हणून खाली टेकू दिलाय. आमच्याला टेकू नको. फूल आहे, फूल!"

"आकाराने लहान असेल."

"छे! लांबी-रुंदी तीच, जाडी उलट जास्त."

"काल वर किती वेळ होतात?"

"पाच मिनिटं. काका बसासुद्धा म्हणाले नाहीत. ब्लॉक कशाचा आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, काका, डब्यावर लिहिलंय की."

शेवटी बाबा. सडपातळ, ताठ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. चाळीस वर्षं प्लंबर.

"गावातल्या निम्म्या भिंतींच्या आत माझं काम आहे," ते म्हणाले. "दिसत नाही. दिसलं तर समजायचं, बिघडलं."

"काल कुठे होतात?"

"घरीच."

"कार्ड तुम्ही नेलंत?"

"ह्या घराबाहेर मी काहीही नेलेलं नाही."

"बाबांना कशाला त्रास देताय?" कॉम्प्युटरवाली मध्ये पडली. "त्यांना ह्यातलं काही कळत नाही हो."

बाबांनी नखांकडे बघितलं.

भिंगबाई जिन्यात विचार करत बसल्या. शांतता दंतवैद्यांना सहन होत नसे.

"माझा शेवटचा रुग्ण आठवला," ते म्हणाले. "एका दातात चांदीचं भरण होतं. मी हौसेने समोरच्या दाताला सोन्याची टोपी बसवली. दोन धातू, मध्ये लाळ. घास चावला की झिणझिण्या! म्हणाला, तुम्ही माझ्या तोंडात बॅटरी बसवलीत."

भिंगबाई ताडकन उठल्या. "डॉक्टर, तुम्ही थोर आहात."

"असं तो म्हणाला नाही," दंतवैद्य म्हणाले.

दोन वाजता सगळे मशीनभोवती जमले.

"आधी चोर कोण नाही ते," भिंगबाईंनी सुरुवात केली. "भावजी नाहीत. कारण हे मशीन गळत नाहीये."

भावजींनी अभिमानाने मान डोलावली.

"कार्डवाले नाहीत. काम तासांचं, ते होते पाच मिनिटं. आता हा दोरा. डॉक्टर, हा दातांचा नाही. ही टेफ्लॉन टेप आहे, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती. रबरी रिंग असताना कॉम्प्युटरचा कुठलाच माणूस ती लावणार नाही. पण ज्याने चाळीस वर्षं टेप गुंडाळल्याशिवाय जोड आवळला नाही, त्याचा हात डोक्याचं ऐकत नाही. पहिल्या जोडाला टेप लागली. मग रिंग दिसली, आणि पुढचे सगळे जोड त्याने मुलीच्या पद्धतीने केले."

"बाबा?" कॉम्प्युटरवालीचा आवाज चिरकला.

"कारण ऐका," भिंगबाई म्हणाल्या. "नवं कार्ड तेवढंच लांब, जाडीने जास्त, तरी फूल! तांबं कधीच फूल नसतं. ॲल्युमिनियम असतं. तुमच्या नळ्या तांब्याच्या, रेडिएटर तांब्याचा, मध्ये पाणी. म्हणजे डॉक्टरांच्या रुग्णाचं तोंड. मुलामा फुटला की आतला धातू झिजायला लागतो. पाणी करडं पडलं ते रंगामुळे नाही. तुमचा ब्लॉक पाण्यात विरघळत होता."

बाबा खाली गेले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले. कार्ड स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेलं होतं. त्यांनी किल्लीने ब्लॉकची कड खरवडली. आत लाल नव्हतं, पांढरं होतं. मग स्क्रू काढून पाटी उघडली. पाण्याच्या बारीक खाचा किडक्या दातांसारख्या दिसत होत्या.

"हे मात्र माझ्या विषयातलं," दंतवैद्य हळहळले.

"अजून दोन-तीन महिने," बाबा म्हणाले. "मग पाणी बाहेर. त्या पितळी पट्टीवरून."

"मला सांगायचं ना!"

"तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, बाबा, हे नळकाम नाही." त्यांनी पाटी टॉवेलावर ठेवली. "चौथ्यांदा सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तुझं डोकं तापवायचं नव्हतं. आज संध्याकाळी सांगणारच होतो. मशीनवर नाव तुझं आहे, पण आडनाव माझंही आहे."

कार्डवाला दाराकडे सरकत होता. "मी डबा जरा तपासून..."

"डबा राहू द्या," भिंगबाई म्हणाल्या. "त्यावर तांबं लिहिलंय. तेवढं एकच तांबं आहे तुमच्याकडे."

तो डबा न घेताच निघून गेला.

भावजींना राहवेना. "पण आजच्या पुरतं चालेल ना नवं? पंधरा टक्के जास्त! तासभर दाखवायचं, मग बदलायचं. कोणाला कळतंय?"

सगळे कॉम्प्युटरवालीकडे बघायला लागले.

"मशीन तुझं आहे," बाबा म्हणाले. "सांगशील ते बसवतो. मला पावणेदोन तास लागतात."

घड्याळात सव्वादोन झाले होते. ती तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली. मग पेन उचलून तिने पंधरावा रकाना काढला, 'धातू', आणि नव्या कार्डावर फुली मारली.

चारच्या ठोक्याला संचालिका आल्या. बुटक्या, घाईतल्या. त्यांनी एक चित्रफीत चालवली, आकडे वाचले आणि कपाळाला आठी घातली.

"तुम्ही मला नवं कार्ड सांगितलं होतं. हे हळू आहे."

"पंधरा टक्के," कॉम्प्युटरवाली म्हणाली. "नवं मी निवडलं होतं. चुकले. ब्लॉकचा धातू मी तपासला नाही. हे माझ्या वडिलांनी बसवलंय. चित्र थोडं उशिरा तयार होईल, पण पाणी पाच वर्षं नळीतच राहील."

संचालिकांनी टेबलावरचा कुरतडलेला ब्लॉक उचलून बराच वेळ उलटसुलट बघितला.

"उशीर मी सहन करू शकते," त्या म्हणाल्या. "बारा माणसांच्या कामावर पाणी पडलेलं नाही." मग बाबांकडे वळल्या. "बाराही तुम्हीच जोडणार?"

"मशीन ती जोडेल. पाणी मी बघेन," बाबा म्हणाले. "पण आधी तुम्ही सांगा. पेट्या उन्हात ठेवणार की सावलीत? पाणी दर सहा महिन्यांनी बदलायचं, ते कोण बदलणार? त्याची वही आहे?"

"नाही."

"वही नाही, आणि निघालात बारा पेट्या घ्यायला?"

संचालिकांनी निमूटपणे पर्समधून कागद काढला आणि लिहून घ्यायला लागल्या. बाबा एक हात पाठीमागे ठेवून सांगत होते, सावकाश, त्यांना लिहिता येईल अशा बेताने.

"माझे बाबा," कॉम्प्युटरवालीने दंतवैद्यांना सांगितलं.

दंतवैद्यांना ते माहीत होतं. तिने पुन्हा सांगितलं.