गोधडीवर धापा टाकणारा पैलवान

पैलवान हरत होता. आणि तोही कुणाकडून, तर साध्याकडून.

रेवती इंगळेचा डोळ्यांवर विश्वास बसेना. सकाळी याच पैलवानाने साध्याला धूळ चारली होती. आता मात्र त्याचा पंखा घोंघावत होता, पडद्यावरचा आकडा रडतखडत पुढे सरकत होता, आणि शेजारचा साध्या निवांतपणे त्याच्या पुढे निघून गेला होता.

पैलवान आणि साध्या हे दोन लॅपटॉप. नावं अर्थात रेवतीनेच ठेवलेली. पैलवान काळाकभिन्न, जाडजूड, कळांखाली लाल दिवे असलेला. साध्या राखाडी, पातळ, बघितलं काय आणि न बघितलं काय. दोघांना घेऊन आला होता पारख नावाचा यंत्रमानव. रेवतीच्या काळात लॅपटॉप घ्यायला कुणी दुकानात जात नसे. दुकानच यंत्रमानवाच्या पोटातल्या खणात बसून घरी येई. दिवसभर वापरून बघायचं आणि संध्याकाळी एक ठेवून घ्यायचा. या यंत्रमानवांना कायदा मात्र कडक होता. विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं, पण 'हा घ्या' असं चुकूनही म्हणायचं नाही.

"या वेळी लॅपटॉप तू निवड," असं सांगून आई सकाळीच रुग्णालयात कामावर गेली होती. त्यामुळे रेवतीला आकाश ठेंगणं झालं होतं, आणि थोडी धाकधूकही होती. कारण शाळांना आळीपाळीने मिळणारी चंद्रावरची दुर्बीण आज दुपारी चार वाजता अर्धा तास तिची होणार होती.

"भर दुपारी कोणते तारे दिसतात बाप्पा?" मालूआत्याने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. मालूआत्या गोधड्या शिवायची आणि लॅपटॉपवरून दूरदूरच्या लोकांना शिकवायची.

"अगं आत्या, दुपार अकोल्यात आहे. चंद्रावर हवाच नाही. आपल्याकडे हवा सूर्याचा प्रकाश सगळीकडे पसरवते, म्हणून आकाश उजळतं. तिथे सूर्य डोक्यावर असला तरी आकाश काळं."

काम असं होतं. दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो पाठवत राहणार. लॅपटॉपने ते तंतोतंत एकावर एक बसवायचे. तारे जागचे हलत नाहीत. पण एखादा ठिपका सरकलेला दिसला, तर तो लघुग्रह (म्हणजे सूर्याभोवती फिरणारा मोठा दगड) असू शकतो. गेल्या वर्षी रेवतीचा नंबर लागला तेव्हा घरातला जुना लॅपटॉप ऐन वेळी गोठून बसला आणि दुर्बीण पुढच्या शाळेकडे गेली. त्या दिवशी रेवती रात्रीपर्यंत रडत होती. नंबर वर्षातून एकदाच लागतो.

म्हणून तर तिने सकाळी दोघांची शर्यत लावली होती. गेल्या वर्षीचे फोटो, दोघांना सारखेच. पारखच्या पोटातून निघालेल्या पत्र्याच्या फळीवर पैलवानाने ते चुटकीसरशी बसवले. "ठरलं," रेवती म्हणाली. मग रोजच्या सवयीने तिने दोन्ही लॅपटॉप दिवाणावर, आत्याच्या जाड गोधडीवर ठेवले आणि गंमत म्हणून पुन्हा शर्यत लावली. आणि पैलवानाने मान टाकली.

"पारख, हा दमला का?"

"यंत्र... दमत... नाही," पारख म्हणाला. तोही दिवाणाच्या कडेला त्याच गोधडीवर टेकला होता आणि त्याचं बोलणं रेंगाळत होतं.

"हा पण झोपून राहिला," आत्या हसली. "ऊनच तसं आहे."

रेवतीने बोटांवर मोजून पाहिलं. फोटो तेच, लॅपटॉप तेच, चार्जर तसेच जोडलेले. मग बदललं काय? जागा. फक्त जागा बदलली होती. तिने पैलवान उचलला आणि "आई गं" म्हणत खाली ठेवला. त्याचं पोट तव्यासारखं तापलं होतं. पोटाला बारीक फटींची जाळी होती आणि ती गोधडीत पुरती रुतली होती.

"पारख, ही जाळी कशाला असते?" तिने विचारलं. पारख उठून उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्याचं बोलणंही सरळ झालं.

"लॅपटॉपमध्ये प्रोसेसर (म्हणजे सगळी आकडेमोड करणारा भाग) असतो. त्यात अब्जावधी सूक्ष्म बटणं असतात. बटण दर वेळी चालू किंवा बंद झालं की थोडी वीज खर्च होते आणि तिची उष्णता होते. जितका वेग जास्त, तितकी उष्णता जास्त. पंखा या जाळीतून गार हवा आत ओढतो आणि गरम हवा बाहेर ढकलतो."

"आणि गोधडीने जाळी बंद केली तर?"

"उष्णता आतच राहते. प्रोसेसर जळू नये म्हणून त्याच्यात उष्णता मोजायची सोय असते. ठरलेल्यापेक्षा जास्त तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो. साध्या मुळातच सावकाश चालतो, म्हणून तो फारसा तापला नाही."

"म्हणजे उन्हात राबणारा माणूस सावलीत टेकतो, तसंच झालं की," आत्या म्हणाली. आणि ती उठून स्वयंपाकघरातून जेवायचा लाकडी पाट घेऊन आली. "बस म्हणा त्याले यावर."

पाटावर बसताच पैलवानाचा श्वास मोकळा झाला. थोड्या वेळाने तो पुन्हा धडाधड फोटो बसवू लागला. रेवतीला नाचावंसं वाटत होतं. कोडं सुटलं होतं, आणि पैलवान तिचाच होता.

पण पारखचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. वीज खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणजे मघाशी हाताला जो चटका बसला, ती सगळी वीजच होती की.

"पारख, हा वीज किती खातो?"

"पुष्कळ. मोकळा बसला तरी साध्यापेक्षा जास्त. चार्जर काढला तर साध्या दिवसभर चालेल. पैलवानाची बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांतच दम तोडेल."

रेवती आता दिवाणावर ताठ बसली. "दुर्बीण फोटो कसे पाठवते? सगळे एकदम?"

"नाही. दर दहा सेकंदांनी एक."

"एक फोटो बसवायला साध्याला किती वेळ लागतो?"

"चार सेकंद."

"आणि पैलवानाला?"

"एक."

रेवतीने दहातून एक वजा केला, मग चार. मग तिचे डोळे चमकले. "म्हणजे पैलवान एका सेकंदात काम उरकणार आणि नऊ सेकंद पुढच्या फोटोची वाट बघत वीज खात बसणार. साध्या सहा सेकंद वाट बघणार. फोटो तर दोघांचेही वेळेवरच बसणार."

"हिशेब बरोबर आहे," पारख म्हणाला.

"थांब ना पोरी," आत्याने सुई खाली ठेवली. "आपला जुनाही साधाच होता. तो काऊन अडकला मग?"

हा प्रश्न लाखमोलाचा होता. रेवतीने तो जसाच्या तसा पारखकडे सरकवला.

"मी सकाळी जुन्यातल्या नोंदी वाचल्या. त्याचा वेग पुरेसा होता. त्याची रॅम (म्हणजे चालू काम पसरून ठेवायची जागा) फार कमी होती. आत्या, तुम्ही गोधडीचे तुकडे कुठे मांडता?"

"इथेच, खाली जमिनीवर."

"आणि जमीन चटईएवढीच असती तर?"

"तर काय, एक तुकडा काढायचा, पेटीत ठेवायचा, दुसरा काढायचा. गोधडी राहिली बाजूला, पेटी उघडण्यातच जीव जायचा."

"तसंच झालं. त्या दिवशी तुमचा वर्ग, आईंची कामं आणि रेवतीचे फोटो, सगळं एकदम उघडं होतं."

"साध्याची रॅम केवढी आहे?" रेवतीने श्वास रोखून विचारलं.

"जुन्याच्या चौपट. पैलवानाएवढीच."

रेवतीने पैलवानाच्या लाल दिव्यांकडे एकदा बघितलं. दिवे सुरेखच होते. अवजड खेळ खेळणाऱ्यांच्या घरी तो खरंच पैलवान ठरला असता. पण या घरात आत्याचा वर्ग होता, आईची कामं होती आणि रोजचा अभ्यास होता. तिने मनाशी सगळं पुन्हा एकदा पडताळून पाहिलं आणि साध्याला पाटावर ठेवलं.

चार वाजले. पहिला फोटो आला. काळं आकाश, त्यावर मोहरी सांडावी तसे तारे. दुसरा आला, तिसरा आला. साध्या न बोलता एकावर एक बसवत होता. आणि तेवढ्यात छताचा पंखा थांबला.

"गेली लाईट," आत्या म्हणाली. "चौकातलं रोहित्र तापलं असेल." रोहित्र म्हणजे गल्लीला वीज पुरवणारं यंत्र. मे महिन्यात तेही तापून बंद पडायचं.

रेवतीने झटकन साध्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीचा तो गोठलेला पडदा तिला आठवला. पण साध्याचा पडदा लखलखीत होता. इंटरनेट थेट उपग्रहावरून येत होतं आणि बॅटरी भरलेली होती. फोटो येत राहिले, बसत राहिले. आत्या पुठ्ठ्याने रेवतीला वारा घालत होती.

अर्धा तास संपला. रेवतीने पहिला फोटो लावला, मग शेवटचा. पुन्हा पहिला, पुन्हा शेवटचा. सगळे तारे जागच्या जागी होते. उजव्या कोपऱ्यातला एक फिकट ठिपका मात्र सरकला होता.

"आत्या, हा बघ. हा हलला." तिने पडद्यावर बोट टेकवलं. आत्याने चष्मा पुसला, बघितलं, पुन्हा बघितलं आणि रेवतीला जवळ ओढलं. रेवतीने ठिपक्याची जागा वेधशाळेला कळवली. थोड्या वेळाने उत्तर आलं : 'ठिपका आम्हालाही दिसला. ओळखीचा आहे की नवा, ते तपासतो आहोत. उद्या कळवू.' रेवतीने ते तीनदा वाचलं. गेल्या वर्षीचं सगळं रडू त्या एका ओळीत विरून गेलं.

पारखने पैलवानाला पोटातल्या खणात ठेवलं आणि तो निघाला. तो दारापर्यंत पोचला, तेवढ्यात रेवती ओरडली, "थांब. चंद्रावर हवा नाही. मग पंखा काय ओढणार? त्या दुर्बिणीचा प्रोसेसर गार कसा राहतो?"

पारख वळला. "याचं उत्तर मोठं आहे. बसून सांगावं लागेल." आणि तो दिवाणाकडे निघाला.

"गोधडीवर नको," रेवती म्हणाली. "तुझ्याही पोटाखाली जाळी आहे."

आणि तिने दुसरा पाट त्याच्यापुढे सरकवला.