कमांड कुणी दिली?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या लिनक्सच्या क्लासात कॉम्प्युटर पंधरा आणि शिकणारे सोळा. सगळ्यात उशिरा आलेल्या बिरुदेवला शिवयोगी सरांनी धम्मप्रियाच्या शेजारी खुर्ची टाकून दिली, आणि तिचं तोंड वाकडं झालं. बुधवार पेठेतून भर उन्हात चालत यायचं, ते काय अर्ध्या कॉम्प्युटरसाठी?

बिरुदेव मूळचा सांगोल्याकडचा, घरी अजून मेंढरं. चिंचोळी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होता. कारखान्याचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, ते सांभाळायला शीक, असं साहेबांनी सांगितलं म्हणून आलेला. पहिल्या दिवशी त्यानं कीबोर्डला हातच लावला नाही.

"तुमी चालवा मॅडम. मी बघून शिकतो की."

पण त्याचं बघणं पडद्याकडे कमी आणि आपल्याकडेच जास्त आहे, हे चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. तिनं दटावलं, तर म्हणाला, "अवघड कमांड द्यायच्या आधी तुमी ओठ चावता. ते दिसलं की मी सावध होतो."

राग यायला हवा होता... आला नाही.

दोन महिन्यांत दोघांनी मिळून एक सर्व्हर उभा केला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला कुठली फाईल उघडू द्यायची, सगळं हातानं शिकले. शहरातल्या एका हॉस्पिटलला सर्व्हर सांभाळणारं माणूस हवं होतं. बुधवारच्या मुलाखतीत धम्मप्रिया हेच काम दाखवणार होती.

सोमवारी ती आली, तर त्या कामाचं अख्खं फोल्डर गायब. बॅकअपही त्यातच ठेवलेला! बिरुदेव आधीच येऊन बसला होता. तुम्ही काही केलंत का, असं तिनं विचारलं. त्यानं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"व्हय. माझ्या हातनं उडालं."

ती त्याला नको नको ते बोलली. मेंढरं वळणाऱ्यानं मेंढरंच वळावीत, इथवर बोलली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग ड्युटी बदलून घेऊन, तिच्या वहीतल्या टिपणांवरून, दोन दिवसांत त्यानं सगळं पुन्हा उभं केलं. तिला नोकरी लागली.

शुक्रवारी सरांनी लॉग वाचायला शिकवला. कोणती कमांड, कुणी, किती वाजता दिली, लिनक्स सगळं टिपून ठेवतं. त्या दिवशी बिरुदेव ड्युटीवर होता. तिनं सहज आपलाच लॉग उघडला. मागचा शनिवार, तीन वाजून चाळीस मिनिटं, फोल्डर पुसण्याची कमांड. नाव तिचंच. जुन्या फायली साफ करायला म्हणून ती शनिवारी एकटीच आली होती...

तिनं तशीच चिंचोळीची एसटी धरली. शिफ्ट सुटली, आणि कारखान्याच्या फाटकातून बाहेर येणारा बिरुदेव तिला बघून जागीच थांबला.

"फोल्डर मी उडवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुमी यायच्या आधीच बघितलं होतं. लॉग बघायला साहेबांनी शिकवलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"चूक आपली हाय म्हणल्यावर माणूस खचतं. दुसऱ्याची म्हणलं की नुसतं चिडतं. चिडून मुलाखत देता येती... खचून न्हाय येत."

तिनं मेंढरांवरून बोलल्याची माफी मागितली.

"ते लागलं मला," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, हे तिला बरं वाटलं.

"पुन्हा तसं बोलले तर तिथल्या तिथं सांगायचं. सगळं स्वतःवर घेऊन गप्प बसणारा नवरा मला नाही चालायचा—"

शब्द निघून गेला होता. दोघंही रस्त्याकडे बघत राहिले.

"घरी विचारावं लागंल," तो हळूच म्हणाला. "तुमच्याबी, आमच्याबी. सोपं न्हाय."

"नसू दे. विचारू."

तेवढ्यात सोलापूरची एसटी आली. बिरुदेवची खोली कारखान्यामागंच होती. त्याला सोलापुरात काही काम नव्हतं. तरी तो तिच्या मागोमाग चढला. गाडी गच्च भरलेली. तिला कशीबशी जागा मिळाली, तो दांडी धरून शेजारी उभा राहिला. आणि शहराच्या वेशीवरचं बाळे येईपर्यंत त्याच्या तोंडी 'तुमी'चं 'तू' झालं होतं.