फक्की न मारलेला खड्डा

चहा संपवा आधी, मग सांगतो. उद्या शर्यत आहे, तुम्हाला काही झोप येत नाही आज. इतवारीत चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय मी, आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी अंधार पडल्यावर या टेकडीवर फक्की मारायला मी कुणाला एकट्याला पाठवत नाही. का, ते ऐका.

दोन हजार पंचवीसचा जानेवारी. अकरा तारीख, शनिवार, पौषातली पौर्णिमा दोन दिवसांवर. अश्विन नावाचं पोरगं होतं, माझं जुनं गिऱ्हाईक. बुटीबोरीला एका कारखान्यात कंत्राटावर होतं. दुसऱ्या दिवशी पहिला आला असता तर राज्याच्या संघात गेला असता, आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पक्की नोकरी. घरी सगळे त्याच आशेवर बसलेले.

कामावरून सुटून तो साडेसातला कुहीकडच्या या टेकडीखाली आला. हा चढ तुम्ही पाहिलाच आहे, पावणेदोन किलोमीटर नुसते काळे गोटे. चढायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. गोटे निखळून जिथे खड्डे पडलेत, तिथे चुन्याच्या पांढऱ्या फक्कीचं रिंगण मारायचं, म्हणजे उतरताना चाक त्यात जात नाही. हे काम दरवर्षी अश्विनकडे असे, कारण रस्ता त्याला तोंडपाठ होता.

चांदणं लख्ख पडलेलं. सायकल हाताने ढकलत, रिंगणं मारत तो वर निघाला आणि चौथ्या वळणावर थांबला. तिथला खड्डा झाडाच्या सावलीत असतो, दिवसासुद्धा दिसत नाही. आदल्या वर्षी त्याने तो मुद्दाम सोडला होता. तेव्हा साहिल सगळ्यांत जोरात होता. साहिल पडेल, दोन मिनिटं वाया जातील, एवढंच अश्विनच्या मनात होतं. साहिल भर उतारावर त्यात गेला, तोंडावर आपटला आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपला. शर्यत रद्द झाली. लोकांनी रस्त्याला शिव्या घातल्या, अश्विनला कुणी काही विचारलं नाही.

या वर्षी जोरात होता सुशील. अश्विन खड्ड्याजवळ बराच वेळ उभा राहिला. मग त्याने फक्कीच्या पिशवीला गाठ मारली, ती पाठीला बांधली आणि पुढे निघाला. मला त्याचा खरा राग येतो तो इथे. एकदा चुकला म्हणू हो. पण दुसऱ्यांदा?

वीसेक पावलं गेला असेल. खालून आवाज आला. गोट्यांवर सायकल खडखडत वर येत होती.

"कोन आहे गा?"

खडखड चालूच.

"सुशील, तू आहेस का बे?"

आवाज थांबला. अश्विन चालायला लागला, तसा परत सुरू झाला. सायकलचा दिवा कुठे दिसत नव्हता. चांदण्यात रस्ता खालपर्यंत दिसत होता, आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. अश्विनने सायकलवर टांग टाकली आणि जीव खाऊन चढ मारला. वर रस्ता संपतो, पुढे खाण आहे. परत फिरण्यावाचून इलाज नव्हता.

तो उतरायला लागला. ब्रेक सोडून दिले. खडखड मागेच. आता चाकाला चाक लागलेलं. मानेवर श्वास... गरम... दमलेला.

चौथं वळण आलं. खड्डा कुठे आहे ते त्याला माहीत होतं. त्याने हॅण्डल आत वळवायला जोर लावला. हॅण्डल वळलं नाही.

पुढचं चाक खड्ड्यात गेलं. अश्विन उडाला आणि पालथा पडला. तोंड गोट्यांवर. जबड्याचं हाड मोडलं, ते त्याला ऐकू आलं. उठायला हात टेकले, तोच पाठीवर कुणीतरी बसलं. केस मुठीत धरले. डोकं वर उचललं...

आपटलं.

परत उचललं. परत आपटलं. रक्त डोळ्यांत. ओरडायला तोंड उरलं नव्हतं. परत...

किती वेळा, त्याला मोजता आलं नाही. त्याचा हात पाठीवरून निसटून फुटलेल्या पिशवीवर पडला. मूठभर फक्की आली. सरपटत, चाचपडत त्याने खड्ड्याभोवती बोट फिरवलं. अर्धं रिंगण झालं. डोकं आपटलं. उरलेलं अर्धं...

रिंगण पुरं झालं. केस सुटले.

सकाळी सहाला तो सुशीललाच सापडला. रिंगण गुलाबी झालं होतं. मी दवाखान्यात गेलो, तेव्हा त्याचा जबडा तारेने बांधलेला. हे सगळं त्याने मला वहीत लिहून दिलं. शेवटी लिहिलं, काका, साहिलच्या आईला सांगा.

डॉक्टरांना टाके घालताना मांसात रुतलेला एक दात मिळाला होता. मुळासकट. अश्विनचे दोन दात तुटले होते, पण मुळं जागेवर होती, म्हणजे हा त्याचा नव्हता. तो दात घेऊन मी साहिलच्या आईकडे, जयवंताबाईंकडे गेलो. आधी खड्ड्याचं सगळं सांगितलं. मग मी दात पुढे केला.

"साहिलचाच आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "लहानपणी हापशीचा दांडा लागून कोपरा उडाला होता, हा पाहा. त्याले घरी आणलं तेव्हा तोंडात नव्हता. मी अन् हे, दोन दिवस गोटे उचकून पाहून राहिलो होतो. भेटला नाही."

त्यांनी दातावर मूठ मिटली.

तुम्ही म्हणाल, वर्षभर गोट्यांत पडला असेल, अश्विन पडला तेव्हा रुतला असेल. मीही तेच म्हणतो, रोज म्हणतो. पण पोरगं पालथं पडलं होतं... आणि तो दात डॉक्टरांनी काढला, तो मानेच्या मागून.