डेलमरचं चाटण

आर्डिस कोंबड्यांना दाणे टाकून आत येते न येते, तोच व्हर्लिनचा ट्रॅक्टर अंगणात येऊन थांबला. व्हर्लिन म्हणजे तिचा धाकटा दीर. मागच्या ट्रॉलीत खोरी, कुदळ आणि तारेचं भलंमोठं भेंडोळं होतं. काम तसं साधंच. ओकच्या जुन्या बुंध्यापाशी हरणांचं चाटण होतं, मीठ चाटायची जागा, तिथली माती उपसून न्यायची आणि भोवती तार ठोकायची. विस्कॉन्सिनच्या आमच्या दरीत त्या नोव्हेंबरात घरोघर हेच चाललं होतं.

"कॉफी नको हं वहिनी. आधी काम."

"कॉफीला नको म्हणणारा तू कधीपासून झालास रे?"

"तुम्ही पाजत बसाल आणि काम पुन्हा उद्यावर ढकलाल. कधीपासून हेच चाललंय तुमचं."

खोटं नव्हतं ते. आर्डिस टाळत होती. आणि तिला बोल तरी कोण लावणार? त्या मातीत तिचा नवरा होता.

डेलमर दर वसंतात त्या बुंध्यावर चाटण वीट ठेवायचा, गोठ्यात गाईंना ठेवतात तसली, मिठाची आणि खनिजांची. हरणं यायची, चाटायची, नरांची शिंगं कशी भरून यायची. आणि शिकारीचा हंगाम आला की हाच गडी समोरच्या मचाणावर बंदूक घेऊन बसायचा. पुढे हरणांत तो झिजवणारा रोग शिरला. जनावर वाळत जातं, लाळ गळते, कान लोंबतात, माणसाची भीती मरते आणि एक दिवस ते उभ्या उभ्या कोसळतं. लाळेतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो मेला. विटा ठेवायला बंदी आली तेव्हा डेलमरने निमूटपणे विटा बंद केल्या. पण मीठ मुरलेली माती हरणांनी काही सोडली नाही.

त्याच सुमारास डेलमरने अंथरूण धरलं. एकदा म्हणाला, "आयुष्यभर मी त्यांना खाल्लं. माझी राख बुंध्यापाशी टाका, म्हणजे ती मला खातील. फिटंफाट."

"तुला खाऊन त्यांची पोटं बिघडतील रे दादा!" व्हर्लिन म्हणाला होता, आणि आर्डिससुद्धा डोळे पुसत हसली होती.

तिने शब्द पाळला. राख टाकली त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हरणं आली. हाडांची राख ती, त्यांना गोडच लागणार. आर्डिस झाडाआड उभी राहून बघत होती. तिला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. डेलमर वाया गेला नाही, असं वाटलं तिला. वेडी बाई! रोगाचा विचार तेव्हा तिच्या मनाला शिवलाही नाही.

आता मात्र दोघं बुंध्यापाशी पोचली आणि व्हर्लिन कुदळ हातात धरून बघतच राहिला. तिथं उपसायला माती होतीच कुठं? हरणांनी खाऊन खाऊन गुडघाभर खड्डा केला होता. ओकची मुळं उघडी पडली होती, चाटून चाटून पांढरी झाली होती. तळाला दगडासारखी चिकणमाती, बस्स.

"वहिनी… दादा इथं उरलेलाच नाही."

"मग कुठंय?"

व्हर्लिन खड्ड्यात उतरला. तळची माती खरवडून त्याने ट्रॉलीत टाकली, खड्ड्यावर दगड लोटले आणि खांब ठोकायला घेतले.

त्या संध्याकाळी आर्डिस चुलीपाशी होती. बाहेर धुकं उतरलं होतं, ओल्या पालापाचोळ्याचा वास फटीतून आत येत होता. मागच्या पायरीवर आवाज झाला. ठक. ठक.

डेलमर शेतातून आला की चिखल झाडायला डावा बूट पायरीवर दोनदा आपटायचा. उजवा कधीच नाही. "उजव्याला काय सोन्याची माती लागते?" असे टोमणे तिने जन्मभर मारले होते. आत्ताही तिचा हात सवयीनं कडीकडे गेला. दार उघडता उघडता तोंडून निघूनही गेलं, "ये, जेवण झालंच…"

पायरीशी एक नर उभा होता. बरगड्या दिसत होत्या, कान पडलेले, मान खाली. पुढचा डावा खूर पायरीवर टेकलेला. तो बुजला नाही, पळाला नाही. तिच्याकडेही त्याने पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून तो आत, टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता…

तिने दार लावून घेतलं. काळोख पडेपर्यंत तो तिथंच होता, त्याचा श्वास तिला दारातून ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला.

"रोगच तो, वहिनी," व्हर्लिन म्हणाला. "भीती मेलीय त्याची. खूर दुखत असेल, म्हणून आपटतो."

"डावाच? आणि दोनदाच?"

"…मी उडवतो त्याला. हंगाम आहे, परवाना आहे. जगला तर आणखी दहांना देईल."

"नको. माझ्या दारात आलाय. मीच बघते."

डेलमरचीच बंदूक काढली तिने. नर नेहमीच्या जागी उभा होता. तिने नेम धरला तरी हलला नाही. उलट एक पाऊल पुढे आला आणि मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "माफ कर रे," ती म्हणाली आणि चाप ओढला. मग पायरीवर बसून ती धाय मोकलून रडली, अंत्यविधीलाही रडली नव्हती इतकी.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे व्हर्लिनने नराचं डोकं रोगाच्या तपासणीला नेऊन दिलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाची गडबड सरल्यावर एका दुपारी तो आला. या खेपेला कॉफीला नाही म्हणाला नाही, पण कप तसाच निवत ठेवला.

"वहिनी, रोग नव्हता त्याला."

"असं कसं? वाळलेला होता की!"

"माजाच्या दिवसांत नर वाळतातच. जन्म गेला इथं, एवढं कळायला नको होतं आपल्याला?"

"आणि कान? आणि भीती?" आर्डिस उठून उभी राहिली. "मग तो कशाला आला होता, व्हर्लिन? माझ्याकडे कशाला आला होता? आणि मी त्याला…"

व्हर्लिन टोपी हातात फिरवत राहिला. जाताना त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेला.

दिवस कलला. कप विसळताना तिने खिडकीतून पाहिलं. नव्या कुंपणाशी हरणं जमली होती, माद्या, पाडसं, एक कोवळा नर. चाटणाकडे त्यांनी पाठ केली होती. तोंडं घराकडे, माना खाली, हालचाल कुणाचीच नाही.

आर्डिस कोट न घालताच बाहेर पडली. थंडीने हात बधिर झाले होते. कुंपणाच्या अलीकडे ती थांबली आणि हळूच म्हणाली,

"डेलमर…?"

एकूण एक मान वर झाली.