पालथ्या पत्रावळीवरचा भात

नाशकाच्या दवाखान्यातून रंगूला, माझ्या बायकोला, घरी घेऊन निघालो होतो. डॉक्टर म्हणाला, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. मी म्हटलं, खात असती तर तुझ्याकडं कशाला आणली असती? पेज तोंडाला लावली की ती मान फिरवायची. मला एवढंच हवं होतं, की साखरशेतला पोचायच्या आत तिच्या पोटात चार घास जावेत. खाल्लं की माणूस जगतं, यापलीकडं मला काही कळत नाही.

मोखाडा सोडलं आणि जीपचं चाक बसलं. भर दुपारी धुकं इतकं दाट, की रस्त्याकडेची झाडं दिसत नव्हती, नुसती ठिबकताना ऐकू येत होती.

जीपवाला चंदू म्हणाला, “बाबा, ही खानावळ आहे. आजीला घेऊन बसा. मी चाक बदलतो.”

आत लाईट गेलेली. एक चिमणी मिणमिणत होती. ओल्या लाकडाचा धूर होता, आणि त्या धुराखाली दुसरा वास, पेटीत बरीच वर्षं पडून राहिलेल्या लुगड्याचा. गिऱ्हाईक कुणी नाही. मी हाक मारली. टेबल बडवलं. आत पातेल्याला पळी घासल्याचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. बाहेर कुणी येईना.

“अगं ए! माणसं आलीत इथं! का आम्ही मेल्यावर येणार तुम्ही?”

“ओरडू नका,” रंगू म्हणाली. “दवाखान्यातपण ओरडलात.”

“ओरडलो म्हणून तर खाट मिळाली तुला.”

ती हसली. मला बरं वाटलं.

मग एक बाई आली. पदर तोंडावर ओढलेला. फळीवर स्टीलची ताटं रचलेली असूनही तिनं रंगूपुढं पळसाची पत्रावळ टाकली. भात वाढला, वर उडदाचं वरण घातलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“आणि माझं?”

“तुमचं शिजलं नाही अजून,” ती हळू बोलली.

“अगं, हातातल्या पातेल्यात भात दिसतोय की!”

ती आत निघून गेली. मी तिच्या पाठीवर तोंड सोडलं. अशी खानावळ चालवता, गिऱ्हाइकाला उपाशी बसवता, असं बरंच. बोलून वळलो, तर रंगू जेवत होती. नीट कालवून, बोटं चाटत जेवत होती. माझा राग तिथल्या तिथं गेला.

“सावकाश खा,” मी म्हटलं.

“मीठ नाही हो घातलेलं. पण गोड लागतंय.”

मीठ नाही म्हणाली म्हणून मी पानाकडं बघितलं. पत्रावळ पालथी होती. पानांच्या शिरा वर आलेल्या. मग आठवलं, त्या बाईनं डाव्या हातानं वाढलं होतं.

आमच्यात माणूस गेलं की बाराव्याला त्याच्या नावानं अंगणाबाहेर असाच भात ठेवतात. पत्रावळ पालथी, हात डावा, भात अळणी. जितं माणूस त्याला शिवत नाही. रंगूनं स्वतः तिच्या आईसाठी असा भात ठेवला होता.

“रंगू... हात काढ त्यातून.”

“का?”

“पान बघ...”

“टाकलं तेव्हाच बघितलं मी.”

“मग?”

“भूक लागलीय हो... किती दिवसांनी लागलीय. खाऊ द्या ना.”

मी तिचं मनगट धरलं. काटकीएवढं राहिलं होतं. एक हिसका दिला असता तर पत्रावळ खाली गेली असती. पण ते मनगट माझ्या मुठीतूनही तोंडाकडंच ओढत होतं. मी सोडलं. तिनं पान पुसून खाल्लं. आतली पळी थांबली.

जव्हारच्या अलीकडं, जीपमध्ये, माझ्या खांद्यावर ती गेली.

चंदूनं आरशातून विचारलं, “झोपली का आजी?”

“झोपू दे,” मी म्हटलं.

आता तुम्हाला वाटेल, परत गेलो तर तिथं खानावळच नव्हती. आहे. हिराबाई आणि तिची सून सपना चालवतात. म्हणतात, त्या दिवशी आम्ही कुलूप लावून लग्नाला गेलो होतो. मी भांडलो त्यांच्याशी. तरी एसटीनं तिथंच जातो जेवायला. ताट लगेच येतं, भात गरम असतो. ते बघूनच माझ्या घशाखाली उतरत नाही, तसाच उठतो.

परवा सपनानं ताट ठेवलं आणि म्हणाली, “आजोबा, आजी सांगतात, यांना तिखट कमी वाढ.”

“कोण आजी?”

“या काय, तुमच्या शेजारी बसल्यात त्या.”

बाकडं मोकळं होतं. हात फिरवून बघितला. भीती नाही वाटली, संतापच आला.

“तिला म्हणावं, माझ्याशी बोल! घरात एकटा भिंतीशी बोलतो मी, तिला ऐकू येत नाही का?”

सपना वाकली. कान देऊन ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “त्या म्हणतात... आधी जेवा. मग बोलते.”

मी ताट जवळ ओढलं.